'कोरडी भिंत' की गडगा?

काटोलकडच्या गावी वडिलोपार्जित घर असलेल्या एका नागपूरकर मित्राचा प्रश्न आहे. आवाराची जुनी भिंत, चुना नाही की सिमेंट नाही, नुसते दगड रचलेले. तिला 'कोरडी भिंत' म्हणावं का? आणि ढासळलेला भाग सावरायचा तर ती 'दुरुस्ती' की 'डागडुजी'?

'कोरडी भिंत' म्हणालात तर गवंडी आधी हात लावून ओल बघेल! इंग्रजीत अशा भिंतीला 'ड्राय स्टोन वॉल' म्हणतात; त्यातला 'ड्राय' इथे मराठीत सहजी उतरत नाही आणि उतरवायची गरजही नाही. गडगा हा शब्द आहेच. कोकणात तो रोजच्या बोलण्यातला. देशावर अशा भिंतीला पौळ किंवा पोवळीही म्हणतात. जलसंधारणाच्या सरकारी कागदांत 'अनगड दगडी बांध' सापडेल; अनगड म्हणजे न घडवलेला. शब्द झकास, पण तो नाल्यातल्या बांधाचा, आवाराचा नव्हे.

आपल्या नागपुरात मात्र गडगा म्हटल्यावर समोरचा तोंडाकडे बघत राहू शकतो. इथे आवाराची कुठलीही भिंत म्हणजे 'वॉल कंपाउंड'. पण दगडाला आपल्याकडे गोटा म्हणतात आणि कालवलेल्या सिमेंट-रेतीला मसाला. म्हणून गावात 'बिनामसाल्याची गोट्याची भिंत' म्हणा, लगेच कळेल. लिहिताना गडगा.

आता दुसरा प्रश्न. डागडुजी म्हणजे जिथं गेलं तिथं ठिगळ. गडग्याला ठिगळ मानवत नाही. कळमेश्वरकडे आमच्या काकांनी फटी सिमेंटने बुजवल्या होत्या. तिकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मागचं पाणी पूर्वी फटींतून निघून जायचं, ते अडलं. दुसऱ्या पावसाळ्यात भिंतीला पोट आलं आणि तेवढा तुकडा सिमेंटसकट आडवा झाला. म्हातारा गवंडी आला, म्हणाला, "याले मसाला नाही लागत. गोटा गोट्याले धरते."

मग त्याने घट्ट थर लागेपर्यंत भिंत उतरवली. मोठे गोटे वेगळे, चिपा वेगळ्या. मोठे खाली, प्रत्येकाचा कल किंचित आत, सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही. अधूनमधून भिंतीच्या जाडीत आरपार जाणारा एखादा लांब गोटा. एक गोटा तर त्याने चारदा फिरवून पाहिला, पाचव्यांदा बसला. वर उभा राहून हलतो का ते बघितलं, मगच पोकळीत चिपा ठोकल्या.

या कामाची क्रियापदं 'उतरवणे' आणि 'रचणे'. म्हणून हिशेबाच्या कागदावर 'दुरुस्ती' लिहायला हरकत नाही, पण गवंड्याला 'उतरवून रचून द्या' असंच सांगा. नुसतं 'दुरुस्त करा' म्हणालात तर तो येताना सिमेंटची बॅग घेऊन येईल.