वाचक विचारतात : सेन्सर बोलत नसेल तर आधी चिपलाच विचारा

या महिन्यात आलेल्या मेलमधले बरेचसे प्रश्न रास्पबेरी पाय (छोटासा एका बोर्डावरचा कॉम्प्युटर, पुढे नुसता "पाय") आणि आयटूसीचेच (चिपांशी दोन तारांवरून बोलायची पद्धत, त्या तारांच्या जोडीला बस म्हणतात) निघाले, म्हणून एकत्र घेतोय. कमांड इथे बोलतो तशा छापल्यात, म्हणजे "आयटूसी-डिटेक्ट मायनस वाय १" हे i2cdetect -y 1 असं टाइप करायचं. टाइप करताना इंग्रजीत, मधे स्पेस देऊन, आणि हेक्स (सोळाच्या पटीत मोजलेल्या) आकड्याच्या आधी शून्य-एक्स लावायला विसरू नका, पत्ते आणि रजिस्टर सगळे हेक्समध्येच.

प्रश्न : दादा, मी टीईला (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला) आहे, धनकवडीत राहतो. मिनी प्रोजेक्टला पायवर वेदर स्टेशन करतोय. तपकीर गल्लीतून बीएमई२८० सेन्सर आणला, टेम्परेचर येतंय, प्रेशर येतंय, पण ह्युमिडिटी कायम शून्य! ऐन पावसाळ्यात पुण्यात शून्य ह्युमिडिटी कशी असेल? लायब्ररी बदलून झाली, कोड परत लिहून झाला. शिवाय प्रेशर ९४८ दाखवतंय आणि मोबाइलच्या ॲपमध्ये १००८ आहे. सेन्सरच गंडलाय का?

उत्तर : कोड बाजूला ठेव रे, तो बिचारा निर्दोष असणार. टर्मिनल उघड आणि आयटूसी-डिटेक्ट मायनस वाय १ चालव. आकड्यांचा एक तक्ता येईल, सगळीकडे दोन-दोन डॅश आणि एका जागी ७६ (काही बोर्डांवर ७७). हे दिसलं म्हणजे वायरिंग बरोबर, पॉवर बरोबर, पत्त्यावरून कुणीतरी उत्तर दिलं. पण सोसायटीत बेल वाजवल्यावर आतून "कोण?" ऐकू आलं तर घरात माणूस आहे एवढंच कळतं, कोण आहे ते नाही, तसंच हे. आणि बहुतेक जण इथेच थांबतात, तक्त्यात ७६ दिसलं ना, मग बीएमई आहेच असं धरून पुढे कोडशी मारामारी करत बसतात.

आता पुढची कमांड, आयटूसी-गेट मायनस वाय १, मग पत्ता ७६, मग रजिस्टर (चिपमधला नंबर दिलेला छोटा कप्पा) डी-शून्य. बॉशच्या या चिपांमध्ये डी-शून्य रजिस्टरमध्ये चिपची ओळख लिहिलेली असते, आणि ती कुठल्याही लायब्ररीला बदलता येत नाही. उत्तर हेक्स ६० आलं तर खरा बीएमई२८०. ५८ आलं तर तो बीएमपी२८०, त्यात ह्युमिडिटी मोजायची सोयच नाही, मग तू जगातली कुठलीही लायब्ररी लाव, शून्यच येणार. माझी पैज ५८ वर. दोघांचे पत्ते सारखे आणि जांभळे बोर्डही जवळपास सारखेच, त्यामुळे बीएमपी बीएमई म्हणून खपून जातो. विकणाऱ्याला तरी माहीत असतं की नाही कुणास ठाऊक, वरून आलेल्या पाकिटावर जे लिहिलंय तेच तो सांगतो. डोळ्यांनी बघायचं तर बीएमईची धातूची टोपी चौकोनी असते, अडीच बाय अडीच मिलिमीटर, आणि बीएमपीची थोडी लांबट, दोन बाय अडीच. बदलून घ्यायला जाताना पाय सोबत नेणं जमणार नाही, स्क्रीनचा फोटो ने.

प्रेशरचं म्हणशील तर तो सेन्सर खरं बोलतोय. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, त्यामुळे इथे हवेचा दाब ९४५-९५० हेक्टोपास्कलच्या आसपासच असतो. ॲपवाले तो समुद्रसपाटीला आणून दाखवतात. रिपोर्टमध्ये हे दोन ओळीत लिही, व्हायवाला एक्स्टर्नल हेच विचारेल.

प्रश्न : व्हिडिओत बघून तसंच टाइप केलं तर "कमांड नॉट फाउंड", मग "नो सच फाइल", मग "परमिशन डिनाइड". रोज नवीन एरर. काय करू? (पिंपळे सौदागर)

उत्तर : तिन्हींचं औषध वेगळं, त्याच क्रमाने सांगतो. आधी आयटूसी-टूल्स हे पॅकेज ॲप्टने टाका. मग रास्पी-कॉन्फिगमध्ये इंटरफेस ऑप्शन्समधून आयटूसी चालू करा. आणि तुमचा युजर आयटूसी नावाच्या ग्रुपमध्ये घाला, मग लॉगआउट करून परत या, नाहीतर ग्रुप लागू होत नाही आणि माणूस उगाच चिडतो. व्हिडिओ फार जुना असेल तर त्यात बस नंबर ० सांगतील, ते २०१२ च्या अगदी पहिल्या बोर्डांसाठी होतं. आता पिन ३ आणि ५ वर बस नंबर १.

प्रश्न : मी निवृत्त, सहकारनगरला राहतो, वेळ घालवायला हे शिकतोय. पायला डीएस३२३१ घड्याळाचं मॉड्यूल लावलं. सगळे सांगतात तक्त्यात ६८ दिसेल, मला तिथे यूयू दिसतं, आणि न लावलेलं ५७ पण दिसतं. वाचायला गेलो तर "बिझी" म्हणतं. नातू म्हणतो मायनस एफ लावा, जबरदस्तीने वाचता येतं. लावू का?

उत्तर : काका, नका लावू. यूयू म्हणजे त्या पत्त्यावरची चिप कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) ड्रायव्हरने आधीच ताब्यात घेतलीय, म्हणजे तुमची सेटिंग बरोबर झालीय, अभिनंदन! घड्याळ वाचायचं तर सुडो लावून एचडब्ल्यूक्लॉक मायनस आर चालवा, वेळ समोर येईल. मायनस एफने नुसतं वाचलं तर बहुधा काही बिघडणार नाही, पण उद्या त्याच सवयीने आयटूसी-सेट (चिपमध्ये लिहिणारी कमांड) चालवाल आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे घड्याळाचे काटे फिरवून बसाल. चिपशी थेट बोलायची हौसच असेल, आणि असावीच, तर ड्रायव्हर लावायच्या आधी बोलायचं. रजिस्टर शून्यमध्ये सेकंद असतात, हेक्स ४५ आलं तर सरळ ४५ सेकंद वाचायचे, कारण ते बीसीडीत, म्हणजे दहाच्या पटीतला एकेक अंक वेगळा ठेवून, लिहिलेले असतात. पायथनमध्ये तोच बाइट साध्या आकड्यात छापला तर ६९ येतं आणि मिनिटाला ६९ सेकंद कुठून आले म्हणून माणूस डोकं खाजवत बसतो.

५७ म्हणजे त्याच मॉड्यूलवरची छोटी मेमरी चिप, ती फुकटात आलीय. आणि एक न विचारलेलं सांगतो. मॉड्यूल ३.३ व्होल्टवरच चालवा. त्यावरचे पुल-अप रेझिस्टर (आयटूसीच्या तारा वरच्या व्होल्टेजला धरून ठेवणारे) पॉवरच्या पिनला जोडलेले असतात, तिथे ५ व्होल्ट दिले की तेच पायच्या पिनांवर जातात आणि त्या पिना ३.३ च्याच लायकीच्या. शिवाय या स्वस्त मॉड्यूलांवर रिचार्जेबल सेलसाठी चार्जिंगची जोडणी असते, त्यात आपण साधा सीआर२०३२ टाकलेला असेल तर ५ व्होल्टवर तोही चार्ज होऊ लागतो आणि फुगतो.

प्रश्न : हे आयटूसी-डिटेक्ट लिनक्स लॅपटॉपवर चालवलं तर चालेल का? मायनस एल केलं तर बसची मोठी यादीच आली.

उत्तर : यादी बघायला काहीच हरकत नाही, त्यात ग्राफिक्स आणि मॉनिटरच्याही बस असतात. एचडीएमआयच्या बसवर पत्ता ५० वाचला तर मॉनिटरची माहिती मिळते, सुरुवातीला शून्य, मग सहा वेळा एफएफ, मग परत शून्य, तीच खूण. मात्र मदरबोर्डच्या एसएमबसवर (आयटूसीचीच भावंड, मशीनच्या आतल्या चिपांची बस) नुसता स्कॅनही हलक्यात घेऊ नका. स्कॅन करताना टूल चिपला छोटासा राइट किंवा रीड पाठवून बघतं, आणि जुन्या आयबीएम थिंकपॅडमधली ॲटमेलची एटी२४आरएफ०८ मेमरी अशा क्विक राइटने खराब व्हायची, टूलच्या मॅन्युअलमध्येच तसं लिहिलंय. रॅमच्या पट्टीवरची माहितीही याच बसवर ५० ते ५७ मध्ये असते, तिथे चुकून काही लिहिलं गेलं तर मशीन चालू होताना रॅम ओळखणार नाही. त्यामुळे लॅपटॉपवर आयटूसी-सेट अजिबात नाही, आणि मायनस वाय पण नको. तो न लावता कमांड दिली की टूल आधी धोक्याची सूचना देऊन पुढे जाऊ का विचारतं. तिथे निवांत वाचा, बस नंबर बघा, शंका आली तर एन दाबा.