७ वर्षांच्या मुलीला आणि आजीला घेऊन दूधसागरचा गाइडेड ट्रेक जमेल का?

मुलीला आरामात जमेल, फक्त भर पावसात नको, पावसाळा संपून गोव्यातल्या कुळे गावाहून जीप चालू झाल्या की जा. पाहुणे आले की त्यांना तिकडे नेणं आमच्याकडेच असतं म्हणून सांगतो, जीप अभयारण्यातून ओढे ओलांडत जाते आणि चालायचं ते शेवटचा किलोमीटरभरच, पण तो सगळा दगड न् मुळांचा, ओलसर, त्यामुळे चपला नकोत, ग्रिपवाले बूट घाला. लाइफ जॅकेट लागतंच. खाऊ बॅगेतच ठेवा, माकडं हातातून वेफर्सचं पाकीट सरळ ओढतात! आजींचे गुडघे दुखत असतील तर मात्र अवघड आहे. आणि कुणी रेल्वे रुळावरून नेतो म्हणाला तर सरळ नाही म्हणा, त्याला बंदी आहे.