उलाढाल मोज

प्रिय,

तुझी एव्हिएटरची फाइल उघडून पाहिली. खेळ तसा साधा: पैसे लावायचे, विमान वर जाईल तशी पट वाढते, ते पडण्याआधी कॅश आउट करून उतरलं तर तेवढ्या पटीने पैसे, नाहीतर लावलेले गेले. प्रत्येक फेरीत विमान कुठवर गेलं, तू कुठं कॅश आउट केलंस, दिवसाअखेर किती वर किंवा किती खाली, सगळं व्यवस्थित आणि रंगीत. इतक्या नीट नोंदी ठेवणारा मुलगा मूर्ख नसतो. म्हणून जुगार वाईट असतो वगैरे तुला सांगत बसणार नाही, ते तुला ठाऊक आहे. तू विचारलंस, "मॅडम, दीडपटीला उतरू की दुपटीला? आणि सलग हरलो तर रक्कम वाढवू की कमी करू?" दोन्हींचं उत्तर एकच: लावलेल्या दर रुपयामागे सरासरी नुकसान दोन्हीकडे तेवढंच. ज्याने फरक पडतो तो रकानाच तुझ्या फाइलमध्ये नाही. एकूण लावलेस किती? भरलेस किती ते विचारत नाहीये. जिंकलेले पुन्हा लावलेस, ते परत जिंकून परत लावलेस, ते सगळं धरून किती? तीच उलाढाल.

मी बेरीज केली. भरलेस ५,०००. लावलेस १,६०,०००. त्याचे तीन टक्के, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा वाटा, ४,८००. तुझ्या खात्यात शेवटी शिल्लक ३००च्या आसपास. उत्तर इतकं जवळ यावं हा थोडा योगायोग आहे, हजार-दोन हजार इकडेतिकडे सहज झाले असते. पण "नशीबच खराब होतं" हे जे तू तीन ठिकाणी लिहिलंयस, ते खोड. तुझं नशीब अगदी बेताचं, सरासरी होतं. जेवढी उलाढाल केलीस तेवढ्याची किंमत भरलीस.

हे का घडतं ते बघ. एव्हिएटरचा जाहीर आरटीपी, म्हणजे लावलेल्यातला खेळणाऱ्यांना सरासरी परत मिळणारा भाग, ९७ टक्के आहे; बस्टाबिट या तसल्याच खेळात घराचा, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचा, वाटा १ टक्का असतो. आकडा कुठलाही असो, यंत्र तेच. ९७चा धरू. विमान एखाद्या पटीपर्यंत टिकण्याची शक्यता म्हणजे ०.९७ला त्या पटीने भागायचं. दुपटीपर्यंत टिकण्याची शक्यता ४८.५ टक्के, दहापटीपर्यंत ९.७ टक्के, शंभरपटीपर्यंत शेकडा एकाहूनही किंचित कमी. आता त्याच पटीने गुण. दरवेळी ०.९७च येणार. तू अगदी भित्र्यासारखा १.०१ला उतरलास तरी तेच: दर वेळी १०० लावून शंभर फेऱ्यांत साधारण शहाण्णव वेळा एक-एक मिळेल आणि चार वेळा पुरे शंभर जातील. ९६ आले, ४०० गेले, लावले १०,०००. तीनच टक्के. उतरण्याची जागा बदलून तू फक्त हरण्याचा आकार बदलतोस, थेंबथेंब की एकदम. किंमत उलाढालीवर लागते. उलाढाल मोज.

माझ्या हाताखाली विम्याचं गणित शिकलास, म्हणून हे तुला तरी दुसऱ्यांदा सांगावं लागू नये. आपण कुठल्या एका पॉलिसीवर कधी कमावलं का? दाव्यांपेक्षा प्रीमियम थोडा जास्त आकारायचा आणि पॉलिसींची संख्या वाढवायची, बस्स. खेळ चालवणारे तुझ्याबरोबर नेमकं तेच करताहेत. या खेळात पॉलिसीची मुदत काही सेकंदांची असते, एवढाच फरक. रूलेटमध्ये एकच शून्य असलेल्या चाकावर घराचा वाटा २.७ टक्के असतो, म्हणजे तुझ्या खेळापेक्षा फार वेगळा नाही. पण चाक फिरतं, गोटी थांबते, पैसे वाटले जातात, मग पुढचा डाव. इथं विमान पडलं की पुढचं तयार. शिवाय एकाच फेरीत दोन-दोन बेट लावायची सोय. "एक दीडपटीला काढतो, दुसरी सोडून देतो" ही तुझी मोठी शोधलेली युक्ती म्हणजे उलाढाल दुप्पट करण्याचा मार्ग, आणखी काही नाही.

आता तुझ्या रिस्क मॅनेजमेंटकडे येते, कारण त्याचा तुला फार अभिमान दिसतो. एका वेळी भांडवलाचा एकच टक्का लावायचा. हा नियम तू शेअर बाजारातून उचललास. ज्याच्या हातात खरोखरच आघाडी आहे, म्हणजे सरासरीचा हिशोब ज्याच्या बाजूने आहे, त्याच्यासाठी तो शहाणपणाचा आहे. तुझ्या हातात आघाडी नाही, मग काय होतं बघ. १,००० भांडवल आहे आणि ते दुप्पट करायचंय. एकाच फेरीत सगळं दुपटीला लावलंस, तर जमण्याची शक्यता ४८.५ टक्के. दहा-दहाच्या शंभर भागांत, शिस्तीने, दुपटीलाच उतरत गेलास, तर सगळं संपण्याआधी २,०००ला पोचण्याची शक्यता साधारण चारशेत एक. तुझ्या शिस्तीमुळे ती शक्यता निम्म्याजवळून चारशेत एकवर आली. हा माझा शोध नाही, सतराव्या शतकात पास्काल आणि हायगेन्स ज्या प्रश्नाशी झुंजले तोच हा. आणि गंमत पुढे आहे. दहा-दहाचा खेळ संपायला सरासरी ३,३०० फेऱ्या लागतात. म्हणजे ३३,०००ची उलाढाल. तीन टक्के काढ. ९९०. तुझं जवळजवळ सगळं भांडवल! म्हणून उलाढाल मोज म्हणते.

याचा अर्थ सगळं एकदम लाव असा काढू नकोस. तसा काढशील हे मला माहीत आहे, म्हणून आधीच लिहून ठेवते. अर्थ इतकाच, की छोट्या रकमेने तुझं रक्षण होत नाही, तुझा मुक्काम लांबतो. केलीचं सूत्र तुला आवडायचं ना? बेल लॅब्जमधल्या केलीने १९५६मध्ये मांडलेलं, आघाडीच्या प्रमाणात किती लावावं ते सांगणारं? दुपटीच्या बेटसाठी त्यात हे आकडे घाल. उत्तर येतं उणे तीन टक्के. उणे रक्कम लावता येत नाही, म्हणजे शून्य.

मार्टिंगेलवर मी जास्त लिहिणार नाही, कंटाळा येतो. दर हरण्यावर दुप्पट. दहापासून सुरू केलंस आणि दहा वेळा सलग हरलास तर १०,२३० गेलेले असतात आणि पुढचा आकडा १०,२४०चा. "दहा वेळा सलग कोण हरतं?" हजार फेऱ्या खेळणारा. हजार फेऱ्यांत तशी रांग निदान एकदा येण्याची शक्यता जवळपास निम्मी आहे आणि हजार फेऱ्या तू काही दिवसांत खेळतोस. विमान कुठं पडणार ते आधीच सांगतो म्हणणाऱ्या टेलिग्रामवरच्या प्रेडिक्टर ॲपचं तर विचारूच नकोस. निकाल फेरी सुरू होण्याआधीच सीडवरून, म्हणजे एका गुप्त आकड्यावरून, ठरतो आणि त्या सीडचं फक्त हॅश, म्हणजे त्यावरून काढलेला सांकेतिक ठसा, दाखवतात. हॅशवरून उलटं मागे जाता आलं असतं तर ते विकणाऱ्याला तुझी वर्गणी कशाला लागली असती? "प्रॉव्हेबली फेअर" (खेळ प्रामाणिक आहे हे तपासता येतं) या त्यांच्या शब्दांनीही हुरळू नकोस. निकाल मागाहून बदलला नाही एवढंच ते सिद्ध करतं. तीन टक्के घेताना फसवणूक झाली नाही, हे त्या तीन टक्क्यांचं सांत्वन आहे.

डोक्यात काय चालतं, त्यावर मात्र थांबते, कारण इथं तू खरंच गोंधळलेला दिसतोस. तू लिहिलंयस, "दुपटीला उतरलो आणि विमान चाळीसपटीला गेलं, दिवसभर तेच आठवत होतं." त्या फेरीत तू जिंकला होतास रे! तरी फाइलमध्ये त्या ओळीला तू लाल रंग दिलायस. रूलेटमध्ये काळ्यावर लावून जिंकलं की विषय संपतो, हा खेळ तुला जिंकल्यानंतरही थांबवून दाखवतो की काय काय राहून गेलं. पडद्यावर शेजारी इतर खेळणाऱ्यांची यादी असते, तिच्यात कुणीतरी त्या चाळीसपटीपर्यंत थांबलेला असतोच, कारण शेकडो लोकांत कुणीतरी असणारच. पुढच्या फेरीत तू पाचपर्यंत थांबतोस, विमान तीनला पडतं, आणि आता दोन्हीकडून चूक तुझीच वाटते, लवकर उतरलास तीही आणि उशीर केलास तीही. प्रत्येक फेरीनंतर चूक तुझी वाटली की ती दुरुस्त करण्याची जागा एकच उरते, पुढची फेरी. म्हणजे आणखी उलाढाल.

बटण तुझ्या हातात आहे यानेच हे साधतं. एलेन लँगरने १९७५मध्ये दाखवलं होतं, की लॉटरीचं तिकीट ज्यांनी स्वतः निवडलं, त्यांनी ते परत विकताना हातात नुसतं तिकीट दिलेल्यांपेक्षा कितीतरी पट जास्त किंमत मागितली. तिकिटाची शक्यता तीच. कॅश आउटचं बटण म्हणजे दर काही सेकंदांनी निवडलेलं तिकीट. मी काही वर्षं असेच आकडे वहीत उतरवत होते, इतकं गणित येत असून. खंत पैशांची नाही, पैसे फार गेले नाहीत. खंत आहे त्या संध्याकाळींची, आणि त्या वह्या घरात कुणी उघडल्या की मी ज्या आवाजात "हा अभ्यास आहे" म्हणायचे त्या आवाजाची. तुझ्या पत्रात तो आवाज ऐकू आला म्हणून हे इतकं लांबलं.

तू विचारशील, मग तुम्ही अजून कधीमधी का बसता? बसते, लपवत नाही. पण स्टॉप लॉस, म्हणजे इतके हरले की उठायचं अशी मर्यादा, घेऊन बसत नाही. स्टॉप लॉस फक्त हरण्यावर लागतो, जिंकत असताना तो तुला रात्रभर बसू देतो. मी उलाढालीची मर्यादा आधी लिहिते. आज एकूण इतकेच लावायचे, पुढे असले तरी उठायचं, मागे असले तरी उठायचं. त्याचे तीन टक्के म्हणजे माझं तिकीट, आणि ते मी आधीच गेलं म्हणून सोडून देते. घरचे म्हणतात ही सबब आहे. असेल. पण सबब असली तरी तिचा हिशोब लागतो, आणि तुझ्या शिस्तीचा लागत नाही. मला जमतं म्हणून तुलाही जमेल असं मात्र मी म्हणत नाहीये. ज्या माणसाला जिंकलेली ओळ लाल दिसते, त्याच्यासाठी माझ्या मते मर्यादा शून्यच. खातं कायमचं बंद करायची सोय असते, सेटिंगमध्ये शोध. ती शोधायला त्रास होईल अशाच जागी ठेवलेली असते, तरी शोध.

आणि तुझ्या पत्रातली शेवटून दुसरी ओळ. "मित्राकडून थोडे घेतलेत, तेवढे रिकव्हर झाले की थांबतो." सगळ्या रंगांच्या फाइलपेक्षा मला ही ओळ जास्त वाचता आली. कानमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९मध्ये मांडलं ते हेच, खड्ड्यात असलेला माणूस बरोबरीला यायला असे धोके पत्करतो जे एरवी त्याने हुंगलेही नसते. "रिकव्हर होईपर्यंत" याला उलाढालीची मर्यादाच नसते, तू स्वतःला मोकळं सोडल्याचं लेखी दिलंयस. ते पैसे खेळातून परत येणार नाहीत. ते पगारातून जातील, हळूहळू, कंटाळवाण्या हप्त्यांनी. मित्राला आजच फोन कर. "पुढच्या आठवड्यात एकदम देतो" म्हणू नकोस. दर महिन्याला किती देणार तो आकडा सांग आणि पैसे कशात गेले तेही सांग. तो चिडेल. चिडू दे, पण पहिला हप्ता याच महिन्यात दे.