वेळ विकत घेण्याची किंमत

“मॅडम, सकाळी प्रार्थना करूनच कामाला बसते, तरी दिवस हातातून निसटतो. माझी श्रद्धाच कमी पडते का?” वसईच्या पश्चिम पट्ट्यातील धर्मग्रामांतून (एकेका चर्चभोवतीच्या ख्रिस्ती समाजातून) माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या नोकरदारांकडून हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्याच्या पहिल्या वाक्याकडे आता मी फारसे लक्ष देत नाही, दुखणे दुसऱ्या वाक्यात असते.

एका पतपेढीत काम करणारी ही तरुणी (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत) पहाटे उठणे, कामांची यादी, मोबाइलचे गजर हे सारे करून थकली होती. रोकड साडेसातपर्यंत जुळत नसे, शनिवारी वह्या घरी येत आणि रविवारच्या मिस्सेतही (चर्चमधल्या उपासनेतही) खात्यांचे आकडे डोक्यात फिरत. तीन दिवसांचा हिशेब मी तिला लिहून आणायला सांगितला. तो तिने जुन्या वहीच्या मागच्या पानांवर आणला : ११.२० मावशीच्या शेजारणीचा कर्जाचा अर्ज, १२.०५ गायनमंडळाच्या पावत्या, ३.४० सहकारी चहाला गेला, त्याची व्हाउचर. अशा नऊ नोंदी होत्या आणि त्यांतली एकही तिच्या कामाची नव्हती.

“यांतल्या एकाला तरी ‘नंतर या’ म्हणाली असतीस तर?”

“मॅडम, सगळी आपलीच माणसं. रविवारी चर्चच्या दारात तोंड कसं दाखवू? आणि ख्रिस्ती माणसानं मदतीला नाही म्हणायचं?”

वेळापत्रकाला हात लावण्याआधी त्यामागचा समज तपासावा, असा माझा पहिल्यापासूनचा कल आहे. वेळेच्या नियोजनाचे वर्ग नेमके तेवढेच सोडून देतात. मी तिच्यापुढे शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधील येशूचे चरित्र, ठेवले आणि मार्कच्या पहिल्या अध्यायातील ३५ ते ३८ ही वचने मोठ्याने वाचायला सांगितली. आदल्या संध्याकाळी कफर्णहूमचे सारे गाव दाराशी लोटलेले. पहाटे येशू एकान्तात प्रार्थनेला गेलेला. त्याचा शिष्य शिमोन शोधत येऊन सांगतो, की सगळे तुला शोधत आहेत. आणि येशू म्हणतो, आपण दुसऱ्या गावांना जाऊ, कारण मी त्यासाठीच आलो आहे.

तिने ते दोनदा वाचले. बराच वेळ ती बोटाने ओळ धरून बसली होती. मग हळूच म्हणाली, “म्हणजे लोक ताटकळत असताना तो निघून गेला?”

“हो.”

“आणि मला काउंटरवरून मान वर करायची भीती वाटते.”

मी मुद्दाम गप्प राहिले. अशा वेळी बोलण्याचा मोह आवरणे मला फार उशिरा जमले, हे कबूल करायला हवे.

पुढच्या भेटीत आम्ही येशूचा प्रेषित पौल याच्याकडे वळलो. तंबू शिवून पोट भरणारा हा माणूस इफिस शहरातील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात वेळेविषयी लिहिताना जे मूळ ग्रीक क्रियापद वापरतो, ते बाजारातले आहे : विकत घेऊन सोडवणे. विकत घ्यायचे म्हणजे किंमत मोजणे आले, आणि कामाच्या ठिकाणी ही किंमत बहुतेकदा कोणाच्या तरी नाराजीची असते. आपल्याकडील भाविक माणूस ती द्यायला तयार नसतो, नाराजी टाळण्यालाच प्रेम समजतो, आणि मग तोच वेळ घरातल्या मुलांच्या वाट्यातून चुकता करतो. ज्यांना हा प्रश्न छळतो, त्यांनी आधी प्रार्थनेची मिनिटे वाढवू नयेत. आज मी कोणाच्या रागाला भ्यायलो, एवढेच रात्री देवासमोर प्रामाणिकपणे सांगावे. नकारासोबत दिवस आणि वेळ सांगितली, की तो कोरडा राहत नाही. चर्चची बाराची घंटा ऐकू येत असेल, तर तेवढा क्षण हात थांबवून पुढचा तास कशासाठी दिलेला आहे, हे विचारावे.

सहाव्या भेटीला ती आली, तेव्हा रोकड साडेपाचला जुळू लागली होती आणि मावशीची शेजारीण तिच्याशी बोलत नव्हती.

“दोन आठवडे झाले, फुगून बसलीये.”

“आणि अर्ज?”

“गुरुवारी तीननंतर या म्हटलं होतं ना,” ती हसली, “बरोबर तीनला आली. न बोलता अर्ज पुढे सरकवला, मी भरून दिला.”