फॉरमॅट झालेले कार्ड आणि येळवशीचे फोटो

प्रश्न : मी औसा तालुक्यात शिक्षक आहे. यंदाच्या येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आम्ही चौघे भाऊ, बहिणी आणि सगळी भाचरंडे शेतात जमलो होतो. येत्या उन्हाळ्यात रानाच्या वाटण्या होणार असल्याने एका कोपीपुढे (शेतातल्या कडब्याच्या खोपीपुढे) सगळ्यांनी मिळून जेवायला बसण्याची ही शेवटचीच वेळ होती, म्हणून मी दिवसभरात दोनशेच्या वर फोटो काढले. घरी आल्यावर कॅमेरा कार्ड वाचेना. एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात ते संगणकाला लावले, तेव्हा ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारणारी खिडकी उघडली आणि दुकानदाराने मला न विचारता होकार दिला. मग कार्ड चालते का हे पाहण्यासाठी त्याने चार फोटोही काढले. कार्ड ३२ जीबीचे आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली आहे. फोटो परत मिळतील का?
— एक शिक्षक, औसा, जि. लातूर

उत्तर : बहुतेक फोटो परत मिळण्याची चांगली शक्यता आहे. मात्र हे उत्तर वाचून होईपर्यंत ते कार्ड कॅमेऱ्यात, मोबाइलमध्ये किंवा कोणत्याही संगणकात घालू नका, ही पहिली विनंती.

दुकानात फॉरमॅट व्हायला किती वेळ लागला, हे आधी आठवून पाहा. पाच-दहा सेकंदांत काम झाले असेल, तर ते ‘क्विक फॉरमॅट’ होते. त्यात फोटो पुसले जात नाहीत, फक्त कोणती फाइल कुठे ठेवली आहे याची नोंदवही कोरी होते. तलाठ्याच्या दप्तरातील नोंद फाटली म्हणून रान जागचे हलत नाही, तसेच हे आहे. उलट अर्धा-पाऊण तास लागला असेल, तर ते पूर्ण फॉरमॅट असणार. विंडोज व्हिस्टापासून पुढच्या सर्व आवृत्त्यांत पूर्ण फॉरमॅट करताना सगळ्या जागेवर शून्ये लिहिली जातात, आणि त्यानंतर कोणत्याही सॉफ्टवेअरच्या हाती काही लागत नाही. घाईच्या दुकानात कोणी अर्धा तास थांबत नाही आणि खिडकीत ‘क्विक’ची खूण आधीपासूनच केलेली असते, म्हणून मी क्विक फॉरमॅट गृहीत धरून पुढे लिहितो.

फॉरमॅटपेक्षा मला त्या चार फोटोंची काळजी अधिक वाटते. ३२ जीबीपर्यंतच्या कार्डांवर सहसा फॅट३२ ही रचना असते, आणि नुकत्याच फॉरमॅट केलेल्या अशा कार्डावर कॅमेरा सामान्यतः सुरुवातीच्या जागेपासून लिहू लागतो. एक फोटो पाच-सहा एमबीचा धरला, तर कार्डाच्या सुरुवातीची वीस-चोवीस एमबी जागा नव्याने लिहिली गेली आहे. त्या जागेवर जे होते ते कायमचे गेले. कार्डात आधीचे जुने फोटो असतील, तर हा फटका त्यांना बसला असेल. येळवशीच्या दिवशी कार्ड रिकामे असेल, तर सकाळी घरून निघतानाचे पहिले चार-पाच फोटो मिळणार नाहीत. कोपीतल्या पांडवांची पूजा, आंबील आणि भज्जीचे जेवण, दुपारचे सगळ्यांचे एकत्र फोटो हे त्याच्या पुढच्या जागेत असतील आणि ते अजून जागेवर असण्याची शक्यता मोठी आहे.

आता कामाचा क्रम सांगतो. एसडी कार्डाच्या डाव्या कडेला एक लहानशी सरकपट्टी असते, ती खाली ओढून कार्ड ‘लॉक’ करा. कार्ड मायक्रो एसडी असेल, तर ही पट्टी त्याच्या अडॅप्टरवर असते. ती कार्डातील वीज तोडत नाही, फक्त कार्ड रीडरला ‘लिहू नको’ असे सांगते, आणि एखादा स्वस्त रीडर ते ऐकतही नाही, त्यामुळे केवळ तिच्यावर विसंबू नका. मिंटमध्ये फाइल मॅनेजरच्या पसंतींमध्ये काढता-घालता येणारी साधने आपोआप माउंट करण्याची (म्हणजे उघडून वापरायला घेण्याची) सोय असते, ती आधी बंद करा. मगच कार्ड लावा आणि टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘एलएसबीएलके’ ही कमांड द्या. लावलेल्या सर्व डिस्कची यादी दिसेल. आकारावरून आपले कार्ड ओळखा. ३२ जीबीचे कार्ड तिथे २९ ते ३० च्या दरम्यान दिसेल, कारण संगणक १०२४ च्या पटीत मोजतो. यूएसबी रीडरमधून लावलेल्या कार्डाचे नाव बहुधा ‘एसडीबी’ असेल, लॅपटॉपच्या अंगच्या खाचेत घातलेल्या कार्डाचे ‘एमएमसीबीएलके०’. यादीत कार्ड दिसलेच नाही किंवा त्याचा आकार शून्य दिसला, तर रीडर बदलून एकदा पाहा. तरीही तेच घडले, तर कार्डातील नियंत्रक चिप गेली आहे असे समजावे. तिथे सॉफ्टवेअरचे काम संपते आणि चिपमधून थेट वाचणाऱ्या प्रयोगशाळेचे सुरू होते.

कार्ड दिसले, की त्यातून फोटो शोधायला लगेच बसू नका. आधी संपूर्ण कार्डाची बिट-बिट जुळणारी एक प्रत हार्ड डिस्कवर काढा आणि पुढचे सगळे प्रयत्न त्या प्रतीवरच करा. या एका पायरीवर माझा सर्वाधिक भर आहे. आपल्या कार्डाने फॉरमॅट होण्यापूर्वीच वाचायला नकार दिला होता, याचा अर्थ ते मुळातच आजारी असू शकते, आणि आजारी कार्ड प्रत्येक वाचनागणिक आणखी खचू शकते. त्याला एकदाच पूर्ण वाचावे आणि मग बाजूला ठेवून द्यावे.

प्रत काढण्यासाठी ग्नू डीडीरेस्क्यू हे आंतोनियो दियाझ दियाझ यांनी लिहिलेले मोफत साधन वापरावे. मिंट आणि उबंटूमध्ये त्याच्या पॅकेजचे (इन्स्टॉल करायच्या संचाचे) नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ असे आहे, आरंभीचा ‘जी’ विसरू नका, कारण त्याविना भलतेच पॅकेज बसते. कमांडचे नाव मात्र ‘डीडीरेस्क्यू’ एवढेच आहे. तिच्यापुढे तीन नावे याच क्रमाने द्यायची असतात : आधी कार्ड, मग ज्या फाइलमध्ये प्रत उतरवायची ती फाइल, आणि शेवटी ‘मॅप’ नावाची एक लहान नोंद-फाइल. पहिल्या दोन नावांची अदलाबदल झाली, तर अनर्थ होऊ शकतो. डीडीरेस्क्यू कोणत्याही डिस्कवर थेट लिहायला स्वतःहून नकार देते आणि त्यासाठी ‘फोर्स’चा पर्याय मागते. तो पर्याय आपल्या कामात कुठेही लागत नाही, म्हणून कमांडने तो मागितला, तर आपले काही चुकले आहे असे समजून थांबा.

हे साधन आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडलेल्या जागा मागे ठेवते आणि शेवटी त्यांच्याकडे वळते. कोणता भाग उतरला आणि कोणता राहिला, हे मॅप फाइलमध्ये लिहिलेले असते. आपल्याकडे भारनियमन आहे आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीचा भरवसा नसतो. मध्येच वीज गेली, तर तीच कमांड जशीच्या तशी पुन्हा द्या, काम जिथे थांबले होते तिथून पुढे चालू होईल. रीडरचा वेग सेकंदाला २० एमबी धरला, तर निरोगी कार्डाला सुमारे २७ मिनिटे लागतात, आजारी कार्डाला एक रात्रही लागू शकते. प्रत पेनड्राइव्हवर काढणार असाल, तर तो फॅट३२ चा नसावा, कारण त्यावर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. हार्ड डिस्कवर ७० जीबी जागा मोकळी असली, म्हणजे प्रत आणि मिळालेले फोटो दोन्ही बसतात.

प्रत पूर्ण झाली, की कार्ड काढून कागदात गुंडाळून ठेवा. यापुढे फोटोरेक हा प्रोग्रॅम कामी येतो. क्रिस्तॉफ ग्रनिए यांनी तयार केलेला हा मोफत प्रोग्रॅम ‘टेस्टडिस्क’ या पॅकेजसोबत येतो. कोऱ्या झालेल्या नोंदवहीवर तो अवलंबून राहत नाही, डेटाचे तुकडे एकेक करून तपासतो. प्रत्येक जेपीईजी फोटोची सुरुवात एफएफ, डी८, एफएफ या तीन ठरावीक बाइटनी होते. ती खूण दिसली, की फोटोरेक तेथून पुढचा भाग फोटो म्हणून उचलतो. कमांडपुढे प्रतीच्या फाइलचे नाव द्या, फाइलींच्या प्रकारांच्या यादीत सर्व खुणा काढून फक्त ‘जेपीजी’ ठेवा, रचनेचा प्रकार विचारला तर ‘अदर’ निवडा, आणि ‘फ्री’ की ‘होल’ असा प्रश्न आला तर ‘होल’ निवडा. मिळालेले फोटो साठवण्यासाठी हार्ड डिस्कवरचा फोल्डर द्या. ते त्याच कार्डावर साठवू नयेत, हे कितीही वेळा सांगितले तरी मला कमीच वाटते.

मिळालेल्या फोटोंना मूळ नावे नसतील, कारण नावे नोंदवहीतच होती. ‘एफ’ अक्षर आणि पुढे एक लांब आकडा अशी नावे दिसतील. तो आकडा कार्डावरील जागेचा असतो. कॅमेऱ्याने एकामागून एक लिहिलेले फोटो बहुधा एकापुढे एक बसलेले असल्याने, आकड्याच्या क्रमाने पाहिले तर दिवस साधारणपणे सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्याच क्रमाने डोळ्यांपुढून जातो. ‘टी’ने सुरू होणाऱ्या फाइली म्हणजे फोटोंच्या आत दडलेली छोटी चित्रे आहेत. मोठा फोटो मिळाला नाही आणि छोटे चित्र मिळाले, असे एखाद्या ठिकाणी घडू शकते, म्हणून तीही लगेच टाकून देऊ नका. फोटोच्या पोटात काढल्याची तारीख-वेळ असते, तिच्यावरून फाइलींना नवी नावे देण्याचे काम ‘एक्झिफटूल’ करते.

फोटो मिळाले, की त्याच दिवशी चारही भावांकडे एकेक प्रत द्या. ते कार्ड मात्र पुन्हा वापरू नका.

प्रश्न : माझा जिंतूरला लहानसा स्टुडिओ आहे. एका लग्नाच्या कार्डावरून मी फोटोरेकने फोटो परत मिळवले. बरेच चांगले निघाले, पण काही फोटोंचा वरचा अर्धा भाग ठीक आहे आणि खालचा भाग राखाडी आहे. व्हिडिओ तर एकही चालत नाही. पुन्हा प्रयत्न केल्यास सुधारतील का?
— एक छायाचित्रकार, जिंतूर, जि. परभणी

उत्तर : तोच प्रोग्रॅम तशाच रीतीने पुन्हा चालवून फारसा फरक पडणार नाही. फोटोरेक फोटोची सुरुवात ओळखतो आणि बाकीचा भाग सलग असेल असे गृहीत धरून पुढे जातो. लग्नात आपण अधूनमधून मागचे नको असलेले फोटो खोडले असतील, तर मध्ये मोकळ्या जागा पडल्या आणि पुढचा एखादा फोटो दोन तुकड्यांत दोन ठिकाणी बसला. पहिला तुकडा सापडला, दुसऱ्याची वाट नोंदवहीत होती, आणि ती हरवली. कार्ड फॉरमॅट झालेले नसेल, तर टेस्टडिस्कने कार्डाच्या प्रतीवर विभाजन (पार्टिशन) शोधून पाहा, कारण फॅट रचनेत या नोंदवहीच्या सहसा दोन प्रती असतात आणि दुसरी शाबूत असली, तर फाइली मूळ नावांसह आणि पूर्ण मिळू शकतात. खरे तर ही पायरी फोटोरेकच्या आधीची आहे. ज्या ग्राहकांचे राखाडी फोटो तसेच राहतील, त्यांना ते लपवून न ठेवता स्पष्ट सांगावे, असे माझे मत आहे. लग्न पुन्हा होत नाही, आणि नातेवाइकांच्या मोबाइलमधील त्याच क्षणांचे फोटो वेळेत मागितले, तर अजून मिळू शकतात.

व्हिडिओचे कारण थोडे वेगळे आहे. एमपी४ फाइलमध्ये चित्रांची अनुक्रमणिका ‘मूव्ह’ नावाच्या एका कप्प्यात असते, आणि अनेक कॅमेरे तो कप्पा चित्रीकरण संपल्यावर फाइलच्या शेवटी लिहितात. फाइलचा शेवट हाती लागला नाही, तर आतले चित्रीकरण असूनही प्लेयरला ते वाचता येत नाही. यावर ‘अनट्रंक’ नावाचे मोफत साधन आहे. त्याच कॅमेऱ्याने, त्याच रिझोल्यूशनमध्ये आणि त्याच सेटिंगवर काढलेला एक चांगला व्हिडिओ त्याला नमुना म्हणून दिला, तर तो त्यावरून तुटलेल्या फाइलची अनुक्रमणिका नव्याने रचतो. व्हिडिओचे तुकडे सलग असतील, तरच याचा उपयोग होतो, पण एवढ्या महत्त्वाच्या चित्रीकरणासाठी प्रयत्न जरूर करावा.

प्रश्न : कार्ड बिघडल्यावर आधी ‘एफएससीके’ ही लिनक्समधील तपासणी-दुरुस्तीची कमांड चालवून रचना दुरुस्त करावी, असे मित्र सांगतात. ते बरोबर आहे का?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : मूळ कार्डावर ते चालवू नये. एफएससीके रचना सुसंगत करते, फाइली वाचवणे हा तिचा उद्देश नाही. जे तुकडे कोणत्या फाइलचे आहेत हे तिला कळत नाही, त्यांना ती ‘एफएससीके’ने सुरू होणारी नवी नावे देते किंवा त्यांची जागा मोकळी करते, आणि हे सारे त्याच कार्डावर लिहून. डीडीरेस्क्यूने काढलेल्या प्रतीची आणखी एक प्रत करून तिच्यावर आपण हा प्रयोग करू शकता. बिघडले, तर ती प्रत पुसून नवी घेता येते.