टीसीएल आणि टीसीसीए: नावं सारखी वाटली तरी एका बादलीत नकोत

तुमचा प्रश्न मला असा कळला: कर्जतजवळचा बंगला दिवाळीत घेतला, ४०,००० लिटरचा उघडा पूल आहे. आधीच्या मालकाने टीसीसीएच्या गोळ्यांची बादली ठेवली होती, तेव्हापासून तेच चालू आहे. आता मे महिन्यात पाणी हिरवं पडलंय. बंगल्यावरच्या काकांनी ग्रामपंचायत विहिरीत टाकते ती टीसीएल पावडर आणून ठेवलीय, आणि दोन्ही थोडं थोडं एकत्र कालवून टाकलं तर पुढच्या शनिवारी मुलं येईपर्यंत पाणी साफ होईल का, असं तुम्ही विचारताय.

एकत्र कालवू नका. बाकीचं उत्तर नंतर वाचलंत तरी चालेल, आधी काकांना फोन करून एवढं सांगा की दोन्ही डबे आहेत तिथेच बंद राहू द्या आणि एकाचा मग दुसऱ्यात घालू नका.

नावं ऐकायला जवळची असल्यामुळे बहुतेकांना वाटतं की एक साधा आणि एक भारी, पण माल तोच. तसं नाही. टीसीएल म्हणजे आपली ब्लीचिंग पावडर. ती चुन्यावर क्लोरीन बसवून केलेली असते, क्लोरीन साधारण ३३ टक्के, आणि स्वभाव अल्कलीचा. टीसीसीए म्हणजे ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक अ‍ॅसिड, क्लोरीन ९० टक्के, आणि नावातच अ‍ॅसिड आहे. ही दोन ओलसर होऊन एकमेकांना भिडली की तापतात, क्लोरीन वायू सोडतात, नायट्रोजन ट्रायक्लोराइड नावाचा स्फोटक पदार्थही तयार होऊ शकतो. आग लागायला वेगळी ठिणगी लागत नाही.

हे मी स्वतःच्या पंपाच्या खोलीत पाहिलंय. काही वर्षांपूर्वी मेमध्येच, मदतीला असलेल्या मुलाने टीसीसीएच्या दाण्यांचा प्लास्टिकचा मग न धुता टीसीएलच्या पोत्यात घातला आणि भरून बाहेर काढून फरशीवर ठेवला. मगाच्या तळाला ओलावा होता. आधी चर्र असा आवाज आला, तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. मग पिवळसर हिरवट धूर वर न जाता मगाच्या काठावरून खाली ओघळायला लागला. तो मुलगा वाकून बघत होता, त्याने एक श्वास घेतला आणि तो गुडघ्यावर बसला. मी त्याला ओढत वरच्या रस्त्यावर नेलं. क्लोरीन हवेपेक्षा अडीच पट जड असतो, त्यामुळे उतारावर कधीच पळायचं नाही, चढावर आणि वारा जिकडून येतो त्या बाजूला जायचं. डॉक्टरांनी त्याला रात्रभर ठेवून घेतलं, कारण फुप्फुसाचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर मग एका बाजूने वितळून आत वळलेला होता. मूठ दीड मूठ पावडर होती फक्त.

तुमच्याकडे तर बादलीभर आहे, म्हणून एवढं सविस्तर लिहिलं.

आता पाणी हिरवं का झालं ते पाहू. टीसीसीए वाईट नाही, पण ते एकटं येत नाही. त्याच्यासोबत सायन्युरिक अ‍ॅसिड येतं, ज्याला पूलवाले स्टॅबिलायझर म्हणतात. ते थोडं असेल तर देवासारखं आहे. उघड्या पुलात ते नसेल तर भर उन्हात क्लोरीन तासाभरात निम्म्याखाली जातो. ३० ते ५० पीपीएम (म्हणजे लिटरमागे तेवढे मिलिग्रॅम) स्टॅबिलायझर असला की क्लोरीन दिवसभर टिकतो. पण क्लोरीन खर्च होतो आणि स्टॅबिलायझर पाण्यातच साठत राहतो. हिशोब करून बघा: ४०,००० लिटरला १ पीपीएम म्हणजे ४० ग्रॅम क्लोरीन. उन्हाळ्यात रोज २ पीपीएम लागतात असं धरलं तर रोज सुमारे ९० ग्रॅम टीसीसीए. प्रत्येक १० पीपीएम क्लोरीनमागे ६ पीपीएम स्टॅबिलायझर चढतो, म्हणजे महिन्याला ३६ पीपीएम. हिवाळ्यात खप निम्मा झाला असेल असं मानलं तरी दिवाळीपासून आजवर तुमचा आकडा शंभराच्या वर गेला असणार.

एवढा स्टॅबिलायझर असला की तो क्लोरीनला धरून ठेवतो, कामच करू देत नाही. मी साधा नियम पाळतो: क्लोरीन हा स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के हवा. स्टॅबिलायझर ४० असेल तर क्लोरीन ३ पुरतो, १०० असेल तर साडेसात लागतो. तुमची टेस्ट किट २ किंवा ३ दाखवत असेल आणि तरी शेवाळ वाढत असेल तर गोंधळून जाऊ नका, कारण हेच आहे. आणि ते किट पिवळा रंग देणारं असेल तर ते एकूण क्लोरीन मोजतं, मोकळा म्हणजे कामाला उरलेला नाही. डीपीडीचं किट घ्या, ज्यात पाणी गुलाबी होतं.

स्टॅबिलायझर मोजायची परीक्षा वेगळी असते आणि ती मला फार आवडते, कारण तिथे डोळ्यांनीच कळतं. पुलाचं पाणी आणि औषध सम प्रमाणात मिसळलं की दूध घातल्यासारखं गढूळ होतं. ते एका उभ्या नळीत हळूहळू ओतायचं. नळीच्या तळाला काळा ठिपका असतो. वरून बघत राहायचं, ठिपका दिसेनासा झाला की थांबायचं आणि बाजूचा आकडा वाचायचा. नळीत दोन बोटं पाणी गेलं आणि लगेच ठिपका गायब झाला, तर स्टॅबिलायझर जास्त आहे. आकडा शंभराच्या वर जातोय असं वाटलं तर पुलाच्या पाण्यात तेवढंच नळाचं पाणी मिसळून पुन्हा मोजा आणि आलेल्या आकड्याची दुप्पट करा.

जास्त निघाला तर तो घरच्या घरी उतरवायला पाणी बदलणं हाच भरवशाचा मार्ग आहे. निम्मं पाणी काढलं की आकडा निम्मा होतो. तुमच्यासाठी म्हणजे २०,००० लिटर, दहा हजारांचे दोन टँकर. मेमध्ये हे जिवावर येतं, मला कळतंय. पाऊस सुरू झाला की तुमच्याकडे हेच काम फुकटात होतं. पूल भरून वाहतो, जुनं पाणी जातं, नवं येतं. पण शनिवार पावसाची वाट बघणार नाही.

मग रोज काय वापरायचं? माझं मत स्पष्ट आहे: उघड्या घरगुती पुलाला द्रवरूप सोडियम हायपो. ज्याला बाजारात नुसतं हायपो म्हणतात, निळ्या कॅनमधून मिळतं. त्यात स्टॅबिलायझर नाही, चुना नाही, गाळ नाही. ताजं असेल तर दहा ते बारा टक्के. दहा टक्के धरून तुमच्या पुलाला ४०० मिली म्हणजे १ पीपीएम. अडचण एकच, ते टिकत नाही. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिनाभर ठेवलेला कॅन निम्म्यावर येऊ शकतो. म्हणून पंधरा दिवसांपुरतंच घ्या, सावलीत ठेवा. त्यातून हळूहळू ऑक्सिजन निघत असतो, झाकणाला बारीक छिद्र असतं ते बुजवू नका, नाहीतर कॅन फुगतो. टाकताना संध्याकाळी, पंप चालू ठेवून, पाणी पुलात येतं त्या तोंडापाशी.

टीसीसीएच्या गोळ्या मी फक्त गावाला जाताना तरंगत्या डब्यात ठेवतो. २०० ग्रॅमची एक गोळी तुमच्या पुलाला साडेचार पीपीएम क्लोरीन देते आणि वर पावणेतीन पीपीएम स्टॅबिलायझर. महिन्यातून दोन गोळ्यांनी काही बिघडत नाही. स्किमरच्या (वरचा कचरा ओढून घेणाऱ्या तोंडाच्या) जाळीत मात्र गोळी ठेवू नका. पंप बंद असताना तिथे साचलेलं पाणी इतकं आंबट होतं की पंपाचे धातूचे भाग खाऊन टाकतं. आणि मुलं पाण्यात असताना तो तरंगता डबा बाहेर काढा, त्यांना तो हमखास खेळणं वाटतो.

कॅल्शियम हायपोक्लोराइटचे दाणे, ६५ ते ७० टक्क्यांचे, ताकदीला चांगले असतात. पण तुमच्याकडे बोअरचं पाणी असेल तर ते आधीच जड असणार. त्यात आणखी कॅल्शियम घातलं की टाइलवर पांढरा थर बसतो. आणि टीसीएलचाच हा थोरला भाऊ आहे, टीसीसीएशी याचंही तितकंच वैर. गोळ्यांच्या फीडरमध्ये एकदा टीसीसीए वापरलं असेल तर त्यात हे कधीच घालू नका.

टीसीएल पुलासाठी नकोच. चुन्याचा गाळ फार, फिल्टरची वाळू बांधली जाते. विहिरीला ठीक आहे. कोरडी असेल तर गावच्या पाणीपुरवठ्याच्या माणसाला विचारून परत द्या. घट्ट ढेपा झाल्या असतील तर फोडत बसू नका.

मिठाच्या यंत्राबद्दलही तुम्ही विचारलंत. ते पाण्यातल्या मिठापासून क्लोरीनच बनवतं, वेगळं काही नाही. तुमच्या पुलाला सुरुवातीला १२० किलोच्या आसपास मीठ लागेल. आरामशीर आहे, पण वीज गेली की क्लोरीनही गेला, आणि पीएच (पाणी किती आंबट किंवा अल्कली आहे तो आकडा) सतत वर चढतो. वर्षभर तरी हायपोवर काढा, पूल समजू द्या. क्लोरीन वायूचा सिलिंडर मात्र घरी कोणी कितीही स्वस्त दिला तरी नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात पिंपरी-चिंचवडमधल्या कासारवाडीच्या जलतरण तलावावर क्लोरीनची गळती होऊन पोहायला आलेल्यांना रुग्णालयात न्यावं लागलं होतं, आणि तिथे तर नेमलेले कर्मचारी असतात.

आता शनिवारसाठी. आधी स्टॅबिलायझर मोजा, जास्त असेल तर निम्मं पाणी बदला. पीएच ७.२ ते ७.४ वर आणा, वर असेल तर अ‍ॅसिडने. हे आधीच करायचं, कारण क्लोरीन दहाच्या वर गेला की पीएचची परीक्षा खोटा जांभळा रंग दाखवते. आणि पीएच ८ असेल तर क्लोरीनचा जेमतेम पाव भाग कामाचा उरतो, साडेसातला निम्मा असतो. अ‍ॅसिड घातल्यावर पंप तासभर चालवा, मगच हायपो. अ‍ॅसिडचा आणि हायपोचा मग, बादली, हात, काहीच एक नको. ते दोन मिसळले तरी क्लोरीन वायूच निघतो. स्टॅबिलायझर ४० वर आला असेल तर क्लोरीन १६ पर्यंत न्या, म्हणजे ताजं हायपो साधारण साडेसहा लिटर. भिंती घासा, फिल्टर रात्रंदिवस चालू, सकाळ संध्याकाळ मोजून कमी झालं तेवढंच पुन्हा भरा. रात्रीतून घट १ पीपीएमच्या आत आली की शेवाळ मेलं. मोरचूद टाकायचा सल्ला कोणी दिला तर नको म्हणा, टाइलवर आणि केसांवर हिरवट डाग राहतात. क्लोरीनचा आकडा ५ च्या खाली आल्याशिवाय आणि तळाची जाळी काठावरून स्वच्छ दिसल्याशिवाय मुलांना उतरवू नका. गढूळ पाण्यात बुडालेलं मूल दिसत नाही.

खोलीची मांडणीही याच आठवड्यात करा. टीसीसीए कोरड्या उंच जागी, हायपोचा कॅन त्याच्या खाली, वर कधीच नाही, कारण गळलं तर पावडरीवर ठिबकेल. अ‍ॅसिड दुसऱ्याच जागी. युरियाची गोणी आणि गवत कापायच्या यंत्राचं पेट्रोल तिथून बाहेर काढा, बंगल्यांवर हे सगळं हमखास एकाच शेडमध्ये असतं. दाणे नेहमी पाण्यात टाकायचे, दाण्यांवर पाणी ओतायचं नाही. बादली उघड्यावर, तोंड बाजूला करून उघडायची. त्या डब्यांवरचं सगळं इंग्रजीत आहे आणि काम काका करतात, म्हणून मी माझ्या प्रत्येक डब्यावर लाल ऑइलपेंटने मराठीत लिहिलंय: काय आहे, कशात मिसळायचं नाही, आणि मग कोणता. मगही त्याच डब्याला दोरीने बांधलेला. धूर दिसला तर झाकण लावायला किंवा पाणी मारायला जायचं नाही, सगळ्यांना लांब न्यायचं आणि ११२ ला फोन करायचा, हेही दारावर लिहिलंय. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली, मग दवाखाना.

काळ्या ठिपक्याचा आकडा आणि हायपोचा कॅन किती जुना आहे ते कळवा. टँकर दोन लागतील की एकात भागेल ते त्यावर सांगतो.