वाचकांचे प्रश्न : वैमानिक अचानक आजारी पडला, तर केबिन क्रू काय करतात?

प्रश्न : ऑगस्ट २०२३ मध्ये नागपूर विमानतळावर, पुण्याला निघायच्या विमानाचे कॅप्टन बोर्डिंग गेटजवळ कोसळले आणि त्यांचे निधन झाले. हेच विमान हवेत असताना घडले असते तर काय झाले असते? अशा वेळी एअर होस्टेस कॉकपिटमध्ये जाऊन मदत करतात असे वाचले. त्यांना विमान चालवायला शिकवलेले असते का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : केबिन क्रूला विमान चालवायला शिकवलेले नसते आणि त्यांच्याकडून तशी अपेक्षाही नसते. प्रवासी विमानात दोन वैमानिक असतात ते याचसाठी, की एकाला काही झाले तर दुसऱ्याने विमान सुखरूप उतरवावे. सहवैमानिक म्हणजे शिकाऊ उमेदवार, हा समज चुकीचा आहे. विमान पूर्णपणे हाताळण्याचे प्रशिक्षण त्यालाही मिळालेले असते आणि जोडीदार अक्षम झाल्यावर काय करायचे याचा सराव दोघेही सिम्युलेटरवर, म्हणजे जमिनीवरच्या कृत्रिम कॉकपिटमध्ये, करतात. अडचण येते ती कामाच्या ओझ्याची. एरवी एक जण विमान हाताळतो, तर दुसरा रेडिओवर बोलतो, चेकलिस्ट वाचतो आणि पहिल्याच्या प्रत्येक कृतीवर लक्ष ठेवतो. ही सगळी कामे एकाच्या अंगावर येतात, तीही शेजारी सहकारी निपचित पडलेला असताना.

असा प्रसंग ओळखणेही वाटते तितके सोपे नाही, कारण वैमानिक छातीला हात लावूनच कोसळतो असे नाही, कित्येकदा तो नुसता गप्प होतो. म्हणून दोनदा विचारूनही नीट उत्तर आले नाही, किंवा विमान ठरलेल्या उंचीवरून वा मार्गावरून ढळत असताना एकदा विचारूनही प्रतिसाद मिळाला नाही, तर तो अक्षम झाला आहे असे धरायचे, असा संकेत सर्वत्र शिकवला जातो. दुसरा वैमानिक ताबा घेतो, तसे मोठ्याने सांगतो, ऑटोपायलट चालू असल्याची खात्री करतो आणि मग केबिन क्रूला आत बोलावतो.

आत आलेल्या क्रूचे पहिले काम प्रथमोपचाराचे नसते, हे अनेकांना खटकेल. बेशुद्ध माणसाचे अंग पुढे कलून कंट्रोल कॉलमवर, म्हणजे विमान हाताळायच्या दांड्यावर, पडू शकते आणि त्याचे पाय रडरच्या (शेपटीवरच्या सुकाणूच्या) पेडलवर ताठ होऊ शकतात, त्यामुळे आधी त्याला नियंत्रणांपासून दूर करावे लागते. क्रू मागून त्याचे खांदे धरून त्याला खुर्चीच्या पाठीला टेकवतात, खांद्यांवरचे पट्टे घट्ट ओढून हार्नेस लॉक करतात, पाय पेडलवरून बाजूला घेतात, मग खुर्ची रुळावरून पूर्ण मागे सरकवून तिची पाठ कलती करतात. त्यानंतर ऑक्सिजनचा मास्क लावला जातो. कॉकपिट इतके अरुंद असते की भारी शरीराच्या माणसाला खुर्चीतून उचलायला बहुधा दोघे लागतात. विमान उतरायला थोडाच वेळ उरला असेल, तर त्याला तिथेच बांधून ठेवणे अधिक शहाणपणाचे ठरते.

पुढची मदत चेकलिस्टची. युरोपच्या नियमांनुसार केबिन क्रूच्या प्रशिक्षणात वैमानिकाच्या खुर्चीची व हार्नेसची रचना, त्याचे ऑक्सिजन उपकरण आणि वैमानिकांच्या चेकलिस्टचा वापर यांचा स्पष्ट समावेश आहे. वाचणाऱ्याने एक ओळ मोठ्याने वाचायची, वैमानिकाचे उत्तर ऐकायचे, ते छापील उत्तराशी जुळले तरच पुढच्या ओळीवर जायचे आणि कोणत्याही कळीला आपणहून हात लावायचा नाही. माझ्या मते संपूर्ण प्रसंगातली सर्वात मोलाची मदत हीच आहे, कारण थकलेला, एकटा पडलेला वैमानिक विमान उडवायचे विसरत नाही; एखादी साधी पायरी मात्र त्याच्याकडून सुटू शकते.

प्रश्न : अशी मदत प्रत्यक्षात झाल्याची उदाहरणे आहेत का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आहेत. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाला निघालेले ब्रिटिश एअरवेजचे फ्लाइट ५३९० सुमारे १७,००० फुटांवर असताना कॅप्टन टिम लँकेस्टर यांच्या समोरची काच निखळली आणि ते कमरेपर्यंत बाहेर खेचले गेले. आदल्या दिवशी बदललेल्या त्या काचेचे ९० पैकी ८४ बोल्ट आवश्यकतेपेक्षा कमी व्यासाचे बसवले गेले होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. त्या क्षणी कॉकपिटमध्ये असलेले स्टुअर्ड (पुरुष केबिन कर्मचारी) नायजेल ऑग्डेन यांनी कॅप्टनला घट्ट धरले. कॉकपिटचे दार तुटून आत येऊन पडले होते, ते दुसऱ्या स्टुअर्डने हटवले. ऑग्डेन यांचे हात थंडीने बधिर झाल्यावर सहकाऱ्यांनी त्यांची जागा घेतली आणि उतरेपर्यंत कॅप्टनचे पाय सोडले नाहीत. सहवैमानिक अ‍ॅलिस्टर अ‍ॅचिसन यांनी विमान साउदॅम्प्टनला उतरवले. कॅप्टन जगले आणि काही महिन्यांत कामावर परतले. या प्रसंगात अ‍ॅचिसन यांचे कौशल्य असामान्य होतेच, पण सहकाऱ्याला धरून ठेवण्याची जबाबदारी इतरांनी उचलल्यामुळेच त्यांचे हात आणि चित्त विमानासाठी मोकळे राहिले, असे मला ठामपणे वाटते.

तुमच्या प्रश्नाशी अधिक जुळणारा प्रसंग २८ जानेवारी २००८ चा. टोरंटोहून लंडनला जाणाऱ्या एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये, अटलांटिकवर असताना सहवैमानिकाचे बोलणे असंबद्ध होऊ लागले आणि तो सहकार्य करेनासा झाला. आजार मनाचा होता, त्यामुळे माणूस शुद्धीवर असूनही कर्तव्यास असमर्थ होता, आणि ही अवस्था हाताळायला बेशुद्धीपेक्षा कठीण असते. कॅप्टनने त्याला केबिन क्रूच्या मदतीने कॉकपिटबाहेर नेले; त्या झटापटीत एका कर्मचाऱ्याच्या मनगटांना इजा झाली. प्रवाशांमधील दोन डॉक्टरांनी सहवैमानिकाची काळजी घेतली. प्रवाशांत वैमानिक कोणी नव्हता, परंतु केबिन क्रूमधील एका महिला कर्मचाऱ्याकडे व्यावसायिक वैमानिकाचा परवाना होता. ती उजव्या खुर्चीत बसली, चेकलिस्टमध्ये मदत केली आणि विमान आयर्लंडमधील शॅनन येथे नीट उतरले. आयर्लंडच्या अपघात चौकशी विभागाने कॅप्टनच्या हाताळणीची प्रशंसा केली.

याच्या उलट, ऑगस्ट २००५ मध्ये सायप्रसहून ग्रीसकडे निघालेल्या हेलिओस एअरवेजच्या फ्लाइट ५२२ मधील हवेचा दाब राखला गेला नाही आणि दोन्ही वैमानिक बेशुद्ध झाले. केबिन क्रूमधील अँद्रेआस प्रोद्रोमू यांच्याकडेही व्यावसायिक परवाना होता, पण ते कॉकपिटमध्ये पोहोचेपर्यंत इंधन संपत आले होते. विमानातील सर्व १२१ जण मृत्यू पावले. धैर्य तेच, परवानाही तसाच. नव्हता तो फक्त शुद्धीवर असलेला वैमानिक.

प्रश्न : कॉकपिटचे दार आतून बंद असते. एक वैमानिक बाहेर गेलेला असताना आतल्याला काही झाले तर? (एक वाचक, पुणे)

उत्तर : सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर कॉकपिटची दारे मजबूत केली गेली, मात्र बाहेरून आपत्कालीन कोड टाकण्याची सोय ठेवण्यात आली. आतून नकार आला नाही, तर ठरावीक वेळाने दार उघडते. या कोडचा उपयोग पुण्याच्याच एका फ्लाइटवर झाला आहे. २६ मे २०१० रोजी दुबईहून पुण्याला येणाऱ्या एअर इंडिया एक्स्प्रेसच्या विमानाचे कॅप्टन स्वच्छतागृहात गेले असताना, खुर्ची सरकवणाऱ्या सहवैमानिकाचा कंट्रोल कॉलमला धक्का लागला आणि विमान सुमारे ७,००० फूट खाली आले. घाबरलेल्या सहवैमानिकाने दार उघडले नाही. कॅप्टनने कोड वापरून आत शिरून विमान सावरले.

एक वैमानिक बाहेर गेल्यास केबिन क्रूपैकी एकाने आत थांबावे, हा नियम अशाच शक्यतांसाठी आहे. मार्च २०१५ मधील जर्मनविंग्जच्या दुर्घटनेत सहवैमानिकाने कॅप्टनला बाहेर कोंडून विमान आल्प्स पर्वतावर नेऊन आदळले, त्यानंतर युरोपने तसा सल्ला दिला. भारतात तो नियम त्याआधीच होता. आत थांबलेल्या कर्मचाऱ्याने दार कसे उघडायचे आणि वैमानिक गप्प झाल्यास कोणाला कसे कळवायचे, हे त्याला पक्के माहीत असावे लागते.

प्रश्न : "विमानात कोणी वैमानिक आहे का?" अशी घोषणा झाली तर प्रवाशाने काय करावे? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : परवाना असेल तर क्रूला तो कोणत्या प्रकारचा आहे, शेवटचे उड्डाण कधी केले आणि कोणत्या विमानाचे, एवढे खरेखुरे सांगावे, बोलवायचे की नाही हे कॅप्टन ठरवतील. मार्च २०२३ मध्ये लास वेगासहून निघालेल्या साउथवेस्टच्या विमानात कॅप्टन आजारी पडल्यावर, प्रवासी म्हणून बसलेल्या दुसऱ्या कंपनीच्या वैमानिकाने रेडिओ सांभाळला होता. परवाना नसलेल्यांनी पट्टा बांधून जागेवर बसावे, वाट मोकळी ठेवावी आणि क्रूला प्रश्न विचारण्यासाठी थांबवू नये, कारण त्यांच्यापैकी एक-दोघे कॉकपिटमध्ये गेलेले असतात आणि उरलेल्यांना सारी केबिन उतरण्यासाठी सज्ज करायची असते.